प्रकल्प नोंदी: ५४ मिमी रॉकेटला रेलची बटणं बसवणं, सोलापूर

४ जानेवारी २०२६

रेल म्हणजे लाँच पॅडवरची खाच असलेली उभी पट्टी. रॉकेटला बसवलेली बटणं त्या खाचेत अडकून वर सरकतात आणि रॉकेट सरळ सुटतं. रॉकेटची मापं आधी लिहून ठेवतो, पुढचं सगळं त्यावर आहे. नळीचा बाहेरचा व्यास ५४ मिमी, आतला ५०, एकूण लांबी १०५० मिमी, तीन फिन (शेपटीचे पंख). मोटर ट्यूब ३१ मिमी बाहेरची, म्हणजे आत २९ मिमीची मोटर (इंधन भरलेलं नळकांडं) बसेल. मोटर, पॅराशूट सगळं भरून वजन ७२० ग्रॅम. भरलेल्या रॉकेटचा गुरुत्वमध्य शेपटीपासून ४५० मिमीवर.

नळी घरी गुंडाळलेली आहे: ५० मिमीच्या पीव्हीसी पाइपवर क्राफ्ट पेपर आणि फेव्हिकॉल. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांत रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी सहज मिळते, पण तिची भिंत चार-पाच मिमी जाड असते. एक मीटरची एकटी नळीच साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास जाते, म्हणून ती या कामाला चालत नाही. पाइपऐवजी गुंडाळण्याचा साचा म्हणून मात्र वापरता येईल.

मोटरबद्दल एकदाच लिहितो. रॉकेटचं इंधन १८८४ चा विस्फोटक कायदा आणि २००८ चे विस्फोटक नियम यांखाली येतं, परवान्याचं काम नागपूरच्या ‘पेसो’कडे (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था) असतं. घरी इंधन शिजवणं बेकायदा आहे आणि त्यात माणसाचा हात जातो. या नोंदी फक्त सांगाड्याच्या आणि लाँच पॅडच्या आहेत. हिशोब मात्र सुरुवातीचा सरासरी जोर ६० न्यूटन धरून केला आहे.

पहिला प्रश्न: दांडा की रेल? रॉकेट सुटतं तेव्हा फिन निरुपयोगी असतात, कारण त्यांच्यावरून हवाच वाहत नसते. पुरेसा वेग येईपर्यंत रॉकेटला सरळ धरून ठेवायचं काम दांड्याचं किंवा रेलचं. हिशोब असा:

वजन ०.७२ किलो, जोर ६० न्यूटन. त्वरण = ६०/०.७२ − ९.८ = ७३.५ मी/से². वेग = √(२ × त्वरण × अंतर).

यातलं ‘अंतर’ म्हणजे रेलची पूर्ण लांबी नव्हे, आणि इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. वरचं बटण रेलबाहेर पडलं की रॉकेट खालच्या बटणाभोवती मोकळेपणी झुकू शकतं. म्हणून उपयोगी अंतर = रेलची लांबी − रेलच्या तळापासून शेपटीची उंची − शेपटीपासून वरच्या बटणाचं अंतर.

२ मीटर रेल, शेपटी तळापासून १०० मिमी वर, वरचं बटण शेपटीपासून ४३० मिमीवर: अंतर १४७० मिमी, वेग १४.७ मी/से. तेच बटण ‘जास्त आधार मिळेल’ म्हणून ८०० मिमीवर नेलं तर अंतर ११०० मिमी, वेग १२.७. आणि नेहमीचा ९०० मिमीचा दांडा घेतला तर अंतर उरतं ३७० मिमी, वेग फक्त ७.४ मी/से.

आडवा वारा ३.५ मी/से, म्हणजे ताशी साडेबारा किलोमीटर धरला, तर पहिल्या बाबतीत हवा १३ अंशांनी तिरपी लागते, दुसऱ्यात १५ आणि तिसऱ्यात २५. चपट्या फिनवरून हवा साधारण १५ अंशांच्या पुढे सुटायला लागते, फिनची पकड जाते. निर्णय झाला: २ मीटर रेल, दोन बटणं, वरचं ४३० मिमीवर, म्हणजे गुरुत्वमध्याच्या किंचित खाली. खालचं ४० मिमीवर.

११ जानेवारी

परदेशी क्लबांत जी एक इंची ‘१०१०’ रेल वापरतात ती इथे मागवायची गरज नाही. थ्रीडी प्रिंटर आणि मशिनच्या सांगाड्यांसाठी जी २०×२० मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल मिळते ती या वजनाला पुरते. फक्त घेताना सरळ टी-खाचेची घ्यावी. व्ही-खाचेच्या कडा तिरक्या असतात, बटणाची मान त्यात नीट टेकत नाही.

तयार बटणं १०१० च्या खाचेची असतात, ती यात जात नाहीत. म्हणून लेथवर करून घ्यायची. हातातल्या पट्टीची मापं व्हर्नियरने: खाचेचं तोंड ६.२ मिमी, ओठाची जाडी १.८, आतली पोकळी ११ रुंद, ओठामागे खोली ४.३. कंपनीगणिक हे बदलतं. कागदावरच्या मापावर बटण करू नये, पट्टीचा तुकडा लेथवाल्याच्या हातात द्यावा.

बटणाचं चित्र, १२ मिमीच्या डेलरिन (कडक, गुळगुळीत प्लास्टिक) रॉडमधून:

बाहेरची कॉलर (नळीला टेकणारी): व्यास १०, जाडी १.५
मान: व्यास ५.५, लांबी २.६
आतली कॉलर (पोकळीत फिरणारी): व्यास ९.८, जाडी ३
मधलं भोक ३.२, आतल्या कॉलरच्या बाजूने ९० अंशांचं काउंटरसिंक (स्क्रूचं डोकं बुडवायचा तिरका खळगा), तोंडाला ६.५

एकूण उंची ७.१. स्क्रू एम-३ (३ मिमी) सीएसके, म्हणजे काउंटरसिंकमध्ये बसणाऱ्या चपट्या डोक्याचा. एम-४ घेतला तर मानेची भिंत पाऊण मिमीच्याही आत जाते, तो मोह टाळावा. स्क्रूचं डोकं कॉलरच्या आत ०.३ मिमी तरी बुडालं पाहिजे, नाहीतर ते पोकळीच्या तळाला घासतं.

नायलॉन स्वस्त पडतं, पण दमट हवेत पाणी पिऊन फुगतं. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचं छापलेलं बटण साठेक अंशांना मऊ होतं, आणि एप्रिलमध्ये सोलापुरात बंद गाडीत ठेवलेली वस्तू त्या तापमानाला पोचते. शिवाय उभं छापलं तर थर मानेतच आडवे येतात, तिथूनच तुटतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम टाकलं. गड्ड्याच्या यात्रेमुळे आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे या आठवड्यात गावात काही हलणार नाही.

१८ जानेवारी

बटणं आली, चार नग. दोन रॉकेटला, दोन शिलकीत.

लेथवाल्याला सांगितलेला क्रम महत्त्वाचा: आधी ३.२ चं भोक, मग मान. उलट केलं तर ड्रिलच्या दाबाने मान पिळवटते आणि भोक तिरकं जातं. तुकडा कापून काढल्यावर आतल्या कॉलरच्या कडेला नखाला लागेल असा बर (कापल्याची धारदार कड) राहतो, तो ब्लेडने खरवडून काढला.

खाचेत बटण ढिलं वाटतं: ६.२ वजा ५.५, म्हणजे ०.७ मिमी मोकळीक. हे मुद्दाम आहे. बटणांत ३९० मिमी अंतर आहे, तेव्हा ०.७ मिमीच्या मोकळिकीने रॉकेट जास्तीत जास्त ०.१ अंश कलू शकतं. त्याने काहीही बिघडत नाही. घट्ट बटणाने मात्र खाचेतल्या एका मातीच्या कणावर रॉकेट अडतं, आणि सोलापूरच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, ती कुठेही शिरते.

याच हिशोबाने तिसरं बटण घालायचं नाही. दोन गोल बटणं रेषेत एक-दोन मिमी इकडेतिकडे असली तरी अडकत नाहीत, रॉकेट फक्त तेवढंसं तिरकं बसतं (३९० ला २ मिमी म्हणजे ०.३ अंश). तिसरं आलं की तिन्ही तंतोतंत एका रेषेत लागतात, नाहीतर रेलमध्ये पाचर बसते.

२५ जानेवारी

रेषा आखणं. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून घेर मोजला: १६९.६ मिमी. तीन भाग ५६.५ चे, तिथे फिन. दोन फिनच्या मधोमध, फिनपासून २८.३ मिमीवर बटणांची रेषा. बटणं फिनच्या जवळ सरकली तर फिन रेलच्या कडेला लागतो, म्हणून हे माप फिन चिकटवण्याआधीच नळीवर उतरवायचं.

अक्षाला समांतर रेषेसाठी २५×२५ चा अ‍ॅल्युमिनियम अँगल नळीवर पालथा ठेवला. अँगलच्या दोन्ही बाजू नळीला टेकल्या की त्याची कड आपोआप समांतर बसते. बारीक पेन्सिलने शेपटीपासून वरपर्यंत एकच रेघ. पट्टीने डोळ्याच्या अंदाजाने आखलेली रेघ गोल नळीवर हमखास पिळत जाते.

रेघेवर खुणा: ४० मिमी आणि ४३० मिमी.

२८ जानेवारी

ठोकळे. दोन मिमी कागदी भिंतीत नुसता स्क्रू टिकत नाही. टाकाऊ नळीच्या तुकड्यावर करून पाहिलं: स्प्रिंग काट्याने सरळ ओढल्यावर स्क्रू निसटत नाही, कागदाचे थरच एकमेकांपासून सुटतात आणि भोकाभोवती फोड येतो. बाहेरून तो फारसा दिसतही नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

सेंटरिंग रिंगच्या (मोटर ट्यूब नळीच्या मधोमध धरणारी कडी) कडेत स्क्रू घालायची पद्धतही बघितली. रिंग ६ मिमी प्लायची आहे. तिच्या कडेत ४ मिमीचं भोक म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक मिमी प्लाय उरतं, थर उकलतात.

म्हणून नळीच्या आतून सागवानी ठोकळे, पितळी एम-३ इन्सर्टसकट (आतून आटे असलेली बारीक नळी, स्क्रू तिच्यात बसतो).

खालचा: मोटर ट्यूब आणि नळी यांच्यात ९.५ मिमी फट आहे. ठोकळा २०×१५, जाडी ९.५, एक बाजू नळीच्या आतल्या गोलाईला, दुसरी मोटर ट्यूबच्या गोलाईला घासलेली. गोलाई काढायला पीव्हीसी पाइपवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ठोकळा पुढे-मागे ओढायचा. शेवटच्या रिंगला पाठ लावून बसवला, म्हणजे आधार तिन्हीकडून.

वरचा: इथे मोटर ट्यूब संपलेली असते, आत पॅराशूटची जागा आहे. बटण बसवताना सगळ्यात जास्त विचार या जागेचा करावा. स्क्रूचं टोक दोन मिमी जरी आत डोकावलं तरी शॉक कॉर्ड (रॉकेटचे सुटे भाग जोडून ठेवणारी दोरी) किंवा पॅराशूटचे दोर त्याला अडकतात आणि सातशे ग्रॅमचं रॉकेट पॅराशूट न उघडता खाली येतं. ठोकळा ४०×२०, जाडी ६, चारही कडा पॉलिश पेपरने उतरत्या केलेल्या, बोट फिरवलं तर कुठेही धार लागणार नाही अशा.

स्क्रूची लांबी याच हिशोबाने. वर एम-३×१२: बटणात ६.८, भिंतीत २, ठोकळ्यात ३.२ मिमी, म्हणजे अर्ध्या मिमीच्या पिचचे सहा आटे. ठोकळा ६ चा असल्याने टोक आतच राहतं. खाली एम-३×१६: ठोकळ्यात ७.२, मोटर ट्यूबला धक्का नाही.

इन्सर्टसाठी ठोकळ्यात ४ मिमीचं भोक, इन्सर्ट अ‍ॅरल्डाइटने पक्का.

१ फेब्रुवारी

भोकं आणि चिकटवणं.

नळीत आतून लाकडी दांडका धरला, तो नसेल तर ड्रिल बाहेर पडताना आतला थर फाडतं. आधी २ मिमी, मग ३.२. भोकाच्या कडेला फेव्हीक्विकचा एक थेंब सोडला, कागद तो शोषून कडक झाला, मग त्याच बिटने परत साफ केलं. या एका थेंबाने भोकाची कड पुढे कुरतडत नाही.

ठोकळा आत अचूक जागी धरायला शिकंजा पोचत नाही, शिकंज्याचं काम स्क्रूच करतो. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासली, ठोकळ्याला अ‍ॅरल्डाइट लावून बांबूच्या काडीने आत सरकवला, बाहेरून वॉशर घालून स्क्रू आवळला. मेणामुळे अ‍ॅरल्डाइट आट्यांना धरत नाही, दुसऱ्या दिवशी स्क्रू सहज निघतो. मेण विसरलं तर तो स्क्रू कायमचा.

अ‍ॅरल्डाइट साधं, हळू सुकणारं. पाच मिनिटांचं इथे नको: ते ठिसूळ राहतं आणि ठोकळा सरळ करायला वेळही देत नाही. थंडीचे दिवस आहेत, चोवीस तासांवर आणखी अर्धा दिवस ठेवलं.

८ फेब्रुवारी

मधल्या वेळात लहान रॉकेटचं काम: २५ मिमी नळी, साठेक ग्रॅम. याला रेलची गरज नाही, दांडा आणि लग पुरे.

लग म्हणजे रॉकेटला बाहेरून चिकटवलेलं, दांड्यावर सरकणारं कागदी नळकांडं, आतून ४ मिमी, ३ मिमीच्या स्टीलच्या दांड्यासाठी. एक ५० मिमीचा तुकडा गुरुत्वमध्यापाशी किंवा दोन २५ मिमीचे लांब अंतरावर. दोन असतील तर चिकटवताना दांडा आत घालूनच चिकटवावेत. टोकं ४५ अंशांत कापली की दांड्यावर चढवायला सोपं जातं.

लग रंगावर चिकटवू नये, तो रंगाच्या पापुद्र्यासकट निघतो. रंग आणि वरचा गुळगुळीत थर घासून कागद उघडा करायचा. फेव्हिकॉल दोन्हीकडे लावून मुरू द्यायचं, मग दुसरा हात देऊन जोडायचं, सुकल्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत बोटाने फेव्हिकॉलची गोलसर भर (फिलेट). फेव्हिकॉल लगच्या आत गेलं तर सुकण्याआधी काडीने काढायचं.

दांडा ३ ऐवजी ५ मिमीचा घेतला तर साडेसात पटीहून जास्त ताठ होतो, कारण ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. साठ ग्रॅमला ३ चालतो. दोनशे ग्रॅमच्या पुढे तोच दांडा सुटताना चाबकासारखा हलतो आणि रॉकेटला बाजूला फेकतो.

१५ फेब्रुवारी

मोठ्या रॉकेटच्या चाचण्या.

ओढून बघणं: प्रत्येक बटणाला सुतळीचा फास, स्प्रिंग काट्याने नळीला काटकोनात ५ किलो, दहा सेकंद. दोन्ही टिकली. भोकाभोवती फोड नाही, नखाने टकटक केल्यावर आवाज भरीव. ५ किलो हा आकडा रॉकेटच्या वजनाच्या सात पट. वाऱ्याचा जोर याच्या जवळपासही नसतो (५ मी/से वाऱ्यात एवढ्या रॉकेटवर साधारण १ न्यूटन). खरा ताण येतो तो आडव्या रेलवर रॉकेट चढवून रेल उभी करताना, आणि तेव्हा कोणी फिनला धरून उचललं तर.

स्क्रू आवळून पाव फेरा उलटा सोडला, इन्सर्टमध्ये थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब. बटण बोटाने फिरलं पाहिजे. पूर्ण आवळलेलं बटण कागदात रुततं आणि नळीला खळगा पडतो.

घसरण: रेल कलवत नेली, १५ अंशांच्या आसपास रॉकेट स्वतःहून घसरायला लागलं. डेलरिन-अ‍ॅल्युमिनियमचं घर्षण एवढंच असतं, म्हणजे कुठे अडत नाही. तीसपर्यंत कलवूनही हललं नसतं तर खाचेत बर किंवा रंग शोधावा लागला असता. रंगकाम करताना बटणं काढून भोकांत काडी घालायची.

तेल नाही, ग्रीस नाही. धूळ बसून त्याचा लगदा होतो. कोरड्या फडक्याने खाच पुसली की झालं.

२२ फेब्रुवारी

रेल. दोन मीटरची अखंड पट्टी मोटरसायकलवर नेता येत नाही, म्हणून एकेक मीटरचे दोन तुकडे. सांधा हीच आता सगळ्यात नाजूक जागा.

जोडपट्ट्या बाजूच्या दोन खाचांत घातल्या, ज्या खाचेतून बटणं धावतात ती पूर्ण मोकळी. हॅक्सॉने कापलेलं टोक कधीच काटकोनात नसतं. कानशीने घासून गुण्याला लावून पाहिलं, मग खाचेच्या तोंडाला आणि ओठाच्या आतून चारही कडांना अर्धा मिमी उतार दिला. तपासणी नखाने: सांध्यावरून नख दोन्ही दिशांनी न अडखळता गेलं पाहिजे. इथे पाव मिमीची पायरी राहिली तर बटण तिथे आपटतं, आणि ते सगळ्यात वाईट ठिकाण आहे कारण रॉकेट तेव्हा वेगात असतं.

खालून १४० मिमीवर खाचेत हॅमर नट (खाचेत घालून फिरवला की अडकणारा नट) आणि एम-४ बोल्ट, हा थांबा. खालचं बटण त्यावर टेकतं, शेपटी तळापासून १०० मिमीवर राहते. रॉकेट डिफ्लेक्टरवर (मोटरचा झोत बाजूला वळवणारा पत्रा) टेकवून ठेवू नये, झोत परतून फिनच जळतात. डिफ्लेक्टर ३ मिमी लोखंडी पत्रा, ४५ अंशांत.

८ मार्च

रानात कोरडी तालीम, मोटरशिवाय. मंगळवेढ्याच्या बाजूला मालदांडी ज्वारी काढून झालेलं रान मिळालं. जागा निवडताना दोन दिशा आधीच वगळल्या: होटगी रोडच्या विमानतळाकडची आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडची. अमेरिकेच्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेत या ताकदीच्या मोटरला मैदानाची बाजू १००० फूट, म्हणजे ३०५ मीटर सांगितली आहे. एकरांत ते साधारण तेवीस होतं. एका मालकाचं एवढं सलग रान क्वचित, शेजारच्या बांधांवरच्यांचीही संमती लागते. माणसं कमीत कमी ३० फुटांवर, वारा ताशी ३२ किलोमीटरच्या आत, रेल उभ्यापासून ३० अंशांच्या आत, हेही त्याच संहितेतलं. वाऱ्याची आमची मर्यादा मात्र हिशोबातलीच, ताशी साडेबारा.

ज्वारीची धसकटं वाळून कोळ झालेली, एका ठिणगीने पेटतील. पॅडभोवती पाच मीटर जमीन खुरप्याने साफ केली, पाण्याचे दोन ड्रम आणि ओलं बारदान हाताशी.

काळ्या रानाला आता भेगा पडल्या आहेत. तिवईच्या पायांना ठोकलेल्या खुंट्या भेगेत हलतात, रेल उभी केल्यावर वरचं टोक बोटभर डुलत होतं. पायांखाली ३०० मिमी चौरस प्लायचे तुकडे आणि प्रत्येक पायावर मातीचं पोतं ठेवल्यावर डुलणं थांबलं. ओळंबा सोडून रेल उभी केली, मग वारा येतो त्या बाजूला, माणसांपासून दूर, तीन अंश कलवली.

रॉकेट चढवायचा क्रम असा ठरला: रेल आडवी, खाच वर, फडकं फिरवायचं, एकाने नळी दोन्ही हातांनी धरून रेलच्या टोकातून आधी खालचं, मग वरचं बटण घालायचं, थांब्यापर्यंत सरकवायचं, दुसऱ्याने रेल उभी करायची, पहिल्याचा हात नळीवरच. इग्नायटरच्या (मोटर पेटवणारी विजेची वात) तारा पूर्ण उभं झाल्यावरच, आणि क्लिपांचं वजन रेलच्या पायाला चिकटपट्टीने बांधून, नाहीतर त्या इग्नायटर खाली ओढतात.

दुपारी अकरानंतर वावटळी सुरू झाल्या, धूळ खाचेत शिरली. फडकं फिरवूनही सांध्याच्या उतारात माती राहते, तिथे जुना टूथब्रश लागतो. पेटीत टाकला.

उड्डाणासाठी वेळ सकाळी साडेसात ते नऊ. रेलवर दर १०० मिमीला लाल-पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली आहे: फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं तर १४.७ मी/से वेगाला प्रत्येक फ्रेममध्ये रॉकेट ६१ मिमी सरकलेलं दिसायला हवं. ५० च्या आत आलं तर जोर हिशोबापेक्षा कमी आहे किंवा बटण घासतंय. दोन्ही बाबतीत पुढचं उड्डाण थांबवून आधी बटणांच्या कडा भिंगाखाली बघायच्या.